पहिल्यांदाच पीसी असेंबल करताय? ग्राफिक्स कार्ड घ्यायच्या आधी घरात काय काय मोजायचं

मी लालबागला राहते, व्हिडिओ एडिटिंगची कामं घरूनच करते. पहिला पीसी असेंबल करायला लॅमिंग्टन रोडला, म्हणजे मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात गेले तेव्हा माझ्या हातात एकच चिठ्ठी होती आणि त्यावर फक्त कार्डाचं नाव लिहिलेलं. दुकानदाराने विचारलं मॉनिटर कुठला, एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) किती वॉटचा, कॅबिनेटमध्ये जागा किती, आणि मला तिन्हीची उत्तरं देता आली नाहीत. तरी कार्ड घेतलं, घरी आणलं, लावायला गेले तर बोटभर लांब. दुसऱ्या दिवशी परत गेले तर बॉक्स उघडलाय म्हणून पैसे कापून परत मिळाले. त्यानंतर पुतण्याचा पीसी झाला, मग एका मैत्रिणीचा झाला आणि आता ओळखीचं कोणी विचारलं की मी एकच सांगते, कार्ड सगळ्यात शेवटी ठरवा. आधी तुमची स्क्रीन, तुमचं काम, तुमचा एसएमपीएस, तुमचं कॅबिनेट आणि तुमची खोली. एवढं कागदावर आलं की तीनशे कार्डांमधली दोन-तीनच उरतात आणि मग भाव बघायचे.

किमती मी मुद्दाम लिहीत नाहीये, आठवड्याला बदलतात, जायच्या दिवशी सकाळी बघून निघा.

दुकानात जायच्या आधी घरून लिहून न्यायच्या गोष्टी

- मॉनिटरचं रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं ते), मागे कुठली पोर्टं आहेत
- प्रोसेसरचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासकट
- मदरबोर्डचं मॉडेल
- एसएमपीएसच्या बाजूच्या स्टिकरचा फोटो, आणि त्यातून निघणाऱ्या केबल्सचा फोटो
- कॅबिनेटच्या आतली लांबी मिलिमीटरमध्ये
- मोजपट्टी (खरंच न्या, डिस्प्लेला ठेवलेलं कार्ड मोजू देतात)

प्रोसेसरच्या शेवटच्या अक्षराचं का म्हणतेय तर इंटेलच्या नावात शेवटी एफ असेल, म्हणजे १२४००एफ वगैरे, तर त्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतं. एएमडीच्या रायझन ५००० मध्ये उलटं, ज्याच्या नावात जी आहे त्यातच असतं, ५६००जी सारखं. स्वतःचं ग्राफिक्स असेल तर कार्ड दोन महिन्यांनी घेतलं तरी पीसी चालू होतो, पैसे जमवायला वेळ मिळतो. नसेल तर कार्डाशिवाय स्क्रीन काळीच राहणार, आणि उद्या कार्ड सर्व्हिस सेंटरला गेलं तर पीसी तोपर्यंत बंद. मला विचाराल तर थोडे पैसे जास्त गेले तरी स्वतःचं ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्या.

१. स्क्रीनपासून सुरुवात करा

१०८० पी म्हणजे जवळपास २१ लाख पिक्सेल, १४४० पी म्हणजे ३७ लाख, आणि ४के म्हणजे ८३ लाख. कार्डाला प्रत्येक फ्रेममध्ये एवढे ठिपके रंगवायचे असतात, म्हणजे ४केला १०८० पीच्या चौपट काम. त्यामुळे ६० हर्ट्झच्या १०८० पी मॉनिटरवर मोठं कार्ड लावलं तर ते अर्धा वेळ रिकामं बसणार आणि तुमचे पैसे पण बसून राहणार. माझ्या पुतण्याचं असंच चाललं होतं, सगळं बजेट कार्डात घालायचं आणि मॉनिटर मामाकडचा जुना वापरायचा. मी त्याला एक पायरी खालचं कार्ड आणि १४४० पीचा चांगला मॉनिटर घ्यायला लावला. तो ॲनिमेशन शिकतोय, दिवसभर डोळे स्क्रीनवरच असतात.

२. मेमरीचा जीबी बघा, आणि नावावर जाऊ नका

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात म्हणून जरा लांबण लावते.

कार्डाची स्वतःची मेमरी असते, व्हीरॅम म्हणतात तिला. गेममधली टेक्श्चर्स, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधला सीन, टाइमलाइनवरचे ४के फुटेज हे सगळं तिच्यात मावावं लागतं. मावलं नाही की माल पीसीच्या साध्या रॅममधून पीसीआय एक्सप्रेसच्या स्लॉटमधून (बोर्डवर कार्ड बसतं ती खाच) ये-जा करायला लागतो आणि तो रस्ता व्हीरॅमच्या मानाने फारच अरुंद. मग गेम झटके देतो, भिंती-जमिनी धूसर दिसतात, रेंडर मध्येच एरर देऊन थांबतं. कार्डात ताकद असते पण ती वापरायला जागाच नसते.

आता गोम अशी की एकाच नावाची दोन कार्डं बाजारात असतात. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबी पण आहे आणि १६ जीबी पण. एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी पण तसंच. बॉक्स सारखाच दिसतो, कोपऱ्यातला आकडा तेवढा वेगळा. आरटीएक्स ३०६० चं मूळ कार्ड १२ जीबीचं, १९२ बिटचं (मेमरीचा रस्ता किती रुंद ते), पण नंतर त्याच नावाने ८ जीबीचं १२८ बिटवालं आलं, ते नुसतं मेमरीत कमी नाही तर हळू पण आहे. आरटीएक्स ३०५० च्या ६ आणि ८ जीबीचं तेच, ६ वाल्यात आतले कोअर्सच कमी आहेत. त्यामुळे फोनवर भाव विचारताना पूर्ण नाव जीबीसकट बोला आणि बिलावर पण तसंच लिहून घ्या, "५०६० टीआय" एवढंच लिहिलेलं चालणार नाही.

किती जीबी? १०८० पीवर गेम आणि हलकं एडिटिंग असेल तर ८ मध्ये आज भागतं, पण नवीन गेम सगळं फुल ठेवून खेळायचे असतील तर तिथेही कमी पडायला लागलंय. १४४० पीला १२ च्या खाली मी कोणाला घेऊ देत नाही. ४के फुटेज, ब्लेंडर, घरच्या घरी एआय मॉडेल चालवणं असलं काही असेल तर १६.

अजून एक लपलेली गोष्ट आहे. काही कार्डं स्लॉटच्या १६ पैकी ८ च लेन (डेटा ये-जा करायच्या वाटा) वापरतात, आरटीएक्स ४०६०, ५०६० आणि ५०६० टीआय त्यातली. नवीन बोर्डवर फरक पडत नाही. पण तुमचा बोर्ड जुना पीसीआय एक्सप्रेस ३.० वाला असेल, बी४५० सारखा, तर तो अरुंद रस्ता अजून निम्मा होतो आणि ८ जीबी भरल्यावर झटके जास्त जाणवतात. आरएक्स ६५०० एक्सटीला तर चारच लेन आहेत आणि व्हिडिओ एन्कोडर (व्हिडिओ एक्सपोर्ट पटकन करणारा भाग) पण नाही, जुन्या बोर्डवर ते अजिबात घेऊ नका.

३. एनव्हिडिया, एएमडी की इंटेल

हे भांडण आवडीनिवडीचं नाहीये, तुमचं सॉफ्टवेअर काय मागतं त्याचं आहे.

ब्लेंडर, थ्रीडी रेंडरिंग, एआय शिकणं यात बरंचसं सॉफ्टवेअर कुडावर (कार्डाकडून हिशेबाची कामं करून घ्यायची प्रणाली) लिहिलेलं आहे आणि कुडा फक्त एनव्हिडियाचं. कॉलेजच्या सरांनी दिलेला प्रोजेक्ट रात्री दोनला चालला पाहिजे असं असेल तर एनव्हिडिया घ्या आणि विषय संपवा. नुसते गेम असतील तर तेवढ्याच पैशात एएमडीकडे बरेचदा मेमरी जास्त मिळते, आरएक्स ९०७० आणि ९०७० एक्सटी दोन्हीत १६ जीबी आहे. इंटेलचं आर्क बी५८० हे १२ जीबीचं, डिसेंबर २०२४ मध्ये आलेलं, कमी बजेटमध्ये चांगलं कार्ड आहे पण त्याला बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) रीसाइझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारा पर्याय, चालू लागतोच. जुन्या बोर्डवर तो पर्यायच नसेल तर हे कार्ड सोडून द्या.

एडिटिंगवाल्यांसाठी खास: तुमच्या कॅमेऱ्याचं फुटेज ४:२:२ १० बिट (रंगांची जास्त माहिती ठेवणारं) असेल तर ते डीकोड करायला आरटीएक्स ५० सीरिज किंवा इंटेलच्या प्रोसेसरमधलं क्विक सिंक (व्हिडिओ उलगडायची सोय) मदत करतं. आधीच्या आरटीएक्स कार्डांत ही सोय नाही आणि मी हे न बघता कार्ड घेतलं होतं, वर्षभर प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या कॉप्या) बनवत बसले.

४. एक मोठं की दोन छोटी?

हा प्रश्न अजून विचारतात, विशेषतः ज्यांनी दहा वर्षांपूर्वी दोन कार्डांचे फोटो बघितलेत. गेमसाठी दोन कार्डं सरळ नकोच. एनव्हिडियाने २०२१ पासून एसएलआयची (दोन कार्डं जोडून एकत्र चालवायची सोय) नवीन प्रोफाइल्स बंद केली, आरटीएक्स ३०९० आणि ३०९० टीआय ही जोडणीची सोय असलेली घरगुती वापराची शेवटची कार्डं, ४० सीरिजपासून तो कनेक्टरच काढला. आज गेमच्या पीसीत दुसरं कार्ड लावलं तर ते नुसतं गरम होणार.

रेंडरिंगचं वेगळं आहे. ब्लेंडरचं सायकल्स हे रेंडर इंजिन दोन कार्डांवर काम वाटून देतं, वेळ खरंच वाचतो, पण मेमरीची बेरीज होत नाही, सीन प्रत्येक कार्डात पूर्ण मावला पाहिजे. ८ आणि ८ मिळून १६ नाही होत. घरी भाषेची एआय मॉडेलं चालवणाऱ्यांना मात्र मॉडेलचे थर दोन कार्डांत वाटता येतात, तिथे दोन कार्डांना अर्थ आहे. पण त्याआधी बोर्डचं मॅन्युअल उघडा, दुसरा स्लॉट दिसायला लांबलचक असतो आणि आत बरेचदा चारच लेन जोडलेल्या असतात.

पहिल्या पीसीला एकच कार्ड. बाकी नंतर.

५. एसएमपीएस: इथे पैसे वाचवू नका, हात जोडते

मुंबईत असेंबल करताना बजेट कमी पडलं की पहिली कात्री एसएमपीएसवर चालते, कारण तो दिसत नाही. आणि तो गेला तर जाताना कार्डाला घेऊन जाऊ शकतो.

हिशेब असा. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, ६ पिनच्या केबलमधून ७५, ८ पिनमधून १५०. त्यावर लागेल ते मोठ्या कार्डांना नवीन १६ पिनच्या कनेक्टरमधून, तो ६०० पर्यंत देतो. एनव्हिडियाने स्वतः सुचवलेले पूर्ण पीसीसाठीचे आकडे: आरटीएक्स ५०६० ला ५५० वॉट, ५०६० टीआयला ६००, ५०७० ला ६५०, ५०७० टीआयला ७५०, ५०८० ला ८५० आणि ५०९० ला १०००. कार्ड एकटं खातं त्यापेक्षा कमी, ५०७० चं २५० वॉट आहे, पण क्षणभरासाठी उसळी मारतं त्यासाठी वरची जागा लागते.

सापळे:

कॅबिनेटसोबत "फ्री" आलेला एसएमपीएस, त्यावर ५०० लिहिलेलं असतं. स्टिकरवर १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर आहेत ते बघा आणि १२ ने गुणा. ५०० वॉट लिहिलंय आणि १२ व्होल्टला २० अँपिअर असतील तर कार्ड-प्रोसेसरच्या कामाचे २४०च वॉट आहेत. असला एसएमपीएस बाजूला ठेवा.

८० प्लसचं लेबल हे वीज किती वाया जाते त्याचं आहे, आतलं संरक्षण किती चांगलं त्याचं नाही. ब्राँझ, गोल्ड बघा पण त्यावरच थांबू नका, वॉरंटी किती वर्षं आहे ते विचारा.

कार्डाला दोन ८ पिन लागत असतील तर एसएमपीएसमधून दोन वेगळ्या केबल्स ओढा. एकाच केबलच्या टोकाला दोन तोंडं असतात ती दोन्ही मोठ्या कार्डाला लावायची नाहीत. आणि १६ पिनचा कनेक्टर पूर्ण आत गेलाच पाहिजे, फट दिसता कामा नये, तोंडापाशीच केबल वाकवायची नाही. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० चे कनेक्टर वितळले त्यात अर्धवट बसलेला कनेक्टर हे मोठं कारण निघालं. माझी सवय म्हणजे लावून झालं की मोबाइलचा टॉर्च मारून चारी बाजूंनी बघायचं.

जुन्या ऑफिस पीसीला लहान एसएमपीएस असेल आणि बदलायचा नसेल तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं बघा, ७० वॉटचं आहे, स्लॉटवरच चालतं. फार वेगवान नाही पण घरातलं काम होतं.

घराची अर्थिंग पण तपासून घ्या. आमच्या चाळीतल्या खोलीत तीन पिनचा सॉकेट होता आणि तिसऱ्या पिनमागे वायरच नव्हती, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या. इलेक्ट्रिशियनला बोलावून ते आधी करून घेतलं. यूपीएस घेणार असाल तर दुकानात सर्रास मिळतो तो ६०० व्हीएचा साधारण ३६० वॉटच देतो, मोठ्या कार्डाच्या पीसीला तो गेम चालू असताना पुरत नाही.

६. कॅबिनेट मोजा

कॅबिनेटच्या बॉक्सवर "३३० मिमी कार्ड" लिहिलेलं असतं ते पुढे काही नसताना. पुढे रेडिएटर आणि फॅन असेल तर साधारण ५५ मिमी वजा करा, नुसता फॅन असेल तर बघा तो त्या मापात धरलाय की नाही. माझं याच्यातच चुकलं होतं. जाडी पण बघा, अडीच-तीन स्लॉट जाड कार्ड छोट्या बोर्डवर खालची सगळी पोर्टं झाकतं. आणि केबल वर निघते तिला काचेपर्यंत बोटभर जागा लागते.

७. खोली आणि उकाडा

३०० वॉटचं कार्ड म्हणजे खोलीत ३०० वॉटचा हीटर. दहा बाय बाराच्या खोलीत मे महिन्यात एसीशिवाय चार तास रेंडर लावलं की काय होतं ते मी भोगलंय. बंद टेबलाच्या खणात कॅबिनेट ठेवू नका, मागे भिंतीपासून वीतभर तरी सोडा, पुढून जाळी असलेलं कॅबिनेट घ्या, काचेचं तोंड असलेलं दिसतं छान पण हवा कोंडते. आफ्टरबर्नर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधून पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणलं तर वेग थोडासाच उतरतो आणि उष्णता, आवाज बराच कमी होतो, उन्हाळ्यात मी तेच करते.

बिलाचा अंदाज: पूर्ण पीसी ४०० वॉट धरला आणि रोज पाच तास तर दिवसाला २ युनिट, महिन्याला ६०. तुमचं मीटर आधीच २५० च्या आसपास असेल तर ३०० चा टप्पा ओलांडणार आणि वरच्या युनिटांना चढा दर लागणार, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा.

समुद्राजवळ राहत असाल तर खारी दमट हवा पत्र्याला आणि कनेक्टरला लागते. पावसाळ्यात पीसी महिनोन्महिने बंद ठेवू नका, आठवड्यातून एकदा तासभर चालवा.

८. लॅमिंग्टन रोडला खरेदी

पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, लोक लॅमिंग्टन रोडच म्हणतात. वेस्टर्नची स्लो लोकल पकडा, ग्रँट रोडला पूर्वेला उतरा, चालत जाता येतं. रविवारी बहुतेक दुकानं बंद, शनिवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते, आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी अकरा-बाराला गेलात तर माणूस नीट बोलतो.

तीन दुकानं फिरल्याशिवाय घेऊ नका, आणि ऑनलाइनचा भाव मोबाइलवर उघडा ठेवा. विचारताना एकच वाक्य बोला: "पक्क्या बिलासकट फायनल किती?" कारण पहिला सांगितलेला भाव बरेचदा बिलाशिवायचा असतो आणि जीएसटीचे १८ टक्के नंतर वर येतात. "बिल नको, स्वस्तात देतो" याला भुलू नका. २०२१ मध्ये कार्डांचा तुटवडा होता तेव्हा मी तसं एक घेतलं, चार महिन्यांत गेलं, आणि बिल नसल्यामुळे कंपनीने हात लावला नाही.

"दुकानाची वॉरंटी" आणि "कंपनीची वॉरंटी" यातला फरक तोंडावर विचारा. कंपनीची किती वर्षं, मुंबईत सर्व्हिस सेंटर कुठे, कार्ड पाठवायला लागलं तर कुरिअर कोणाचं. भाव हजार रुपये जास्त असला तरी सर्व्हिस सेंटर लोकलने जाता येईल इतकं जवळ असलेला ब्रँड मी घेते.

कागद असे जमवा:

- जीएसटी बिल, त्यावर पूर्ण मॉडेल, जीबी आणि सीरियल नंबर
- पैसे दिल्याचा पुरावा, यूपीआयचा स्क्रीनशॉट चालेल
- बॉक्सवरच्या आणि कार्डावरच्या सीरियल नंबरचे फोटो, दोन्ही जुळायला हवेत
- कंपनीच्या साइटवर नोंदणी, काही ब्रँड ठरावीक दिवसांतच मागतात
- धंद्यासाठी घेताय आणि तुमचा जीएसटी नंबर आहे तर तो बिलावर घालून घ्या, १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं

बॉक्स काउंटरवरच उघडा, व्हिडिओ काढत. ऑनलाइन मागवलंत तर पार्सलच्या टेपपासून व्हिडिओ सुरू करा, कट न करता.

९. सेकंड हँड

वाईट नाही, पण डोळे उघडे ठेवा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग (कार्डांवर हिशेब चालवून नाणी कमावणं) बंद झालं आणि त्यातली कार्डं बाजारात आली, ती अजून फिरतायत. पी१०६ नावाची काही मायनिंग कार्डं तर अशी आहेत की त्यांना मॉनिटरचं पोर्टच नाही. जीटीएक्स १०५० टीआयच्या नावाने बायोस बदलून विकलेली जुनी कार्डं पण मिळतात, जीपीयू-झेड हे छोटं सॉफ्टवेअर चालवलं की नावापुढे फेक असं दाखवतं. जीटीएक्स १० सीरिजची गेमसाठीची नवीन ड्रायव्हर्स ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबली, १०८० टीआय कितीही जोरदार वाटलं तरी आता त्यात पैसे घालायचे की नाही ते विचार करून ठरवा.

विकणाऱ्याच्या घरी जा, अर्धा तास गेम किंवा स्ट्रेस टेस्ट चालवून बघा, स्क्रीनवर ठिपके-रेषा येतात का, पंखा खरखरतो का. स्टेशनवर भेटून बंद पिशवीतलं कार्ड रोख देऊन घ्यायचं नाही. मूळ बिल मागा.

१०. घरी आणल्यावर

पावसाळ्यात एसी दुकानातून आणलंत तर बॉक्स तासभर खोलीत तसाच ठेवा, थंड पत्र्यावर दमट हवेचं पाणी धरतं. लोकलने आणणार असाल तर दुपारचीच गाडी, आणि बॉक्सवर प्लास्टिक.

जुनं कार्ड काढून नवीन लावत असाल तर आधी डीडीयू नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने जुना ड्रायव्हर साफ करा. वीज बंद, प्लग बाहेर, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मग कार्ड हातात. स्लॉटची कडी टक् वाजेपर्यंत दाबा, मागचे स्क्रू लावा, जड कार्डाला खालून टेकू द्या.

मग मॉनिटरची केबल कार्डात लावा, बोर्डात नाही. मैत्रिणीने आठवडाभर बोर्डातून चालवलं आणि "नवीन कार्ड स्लो आहे" म्हणून मला रात्री फोन. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट पण स्वतः बदलावा लागतो, १४४ चा मॉनिटर गुपचूप ६० वर चालत राहतो. बायोसमध्ये रीसाइझेबल बार चालू करा. जीपीयू-झेड उघडून नाव, जीबी आणि लेन बिलाशी जुळवा, त्याच संध्याकाळी, बदलून देण्याची मुदत संपायच्या आत. पहिल्या दोन दिवसांत तासभर जोरात चालवून तापमान बघा, आपल्या हवेत ७०-८० च्या मध्ये असेल तर ठीक, सारखं ८५ च्या वर जात असेल तर आधी कॅबिनेटची हवा तपासा, तरी उतरलं नाही तर दुकानात फोन करा.

आणि बॉक्स, आतल्या फोमसकट, वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर. घरात जागा नाही हे मला माहितीये, तरी ठेवा, सर्व्हिस सेंटरला कार्ड नेताना तोच लागतो.